छपराखाली झोपलेला मुलगा

फंगवेई, ६ मार्च १९७८

मोठ्या काकांना,

तुमच्या धाकट्या भावाच्या, आमिंगच्या सूचेनचा वाकून नमस्कार. मला ओळखायला तुम्हाला थोडा वेळ लागेल. तुम्ही गाव सोडलंत तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते. आता माझ्या मुलाचं लग्न झालंय. मी शेवया करते, अंगणात बांबूंवर वाळत घालते, आणि समुद्राकडून वारा आला की सगळं घर पांढऱ्या झालरींनी हलायला लागतं. तुमचा पत्ता तुमच्या सुनेच्या माहेरकडून मिळाला. पत्ता मी मागितलाय हे बाबांना माहीत नाही.

काम मंदिराचं आहे. गेल्या वर्षीच्या वादळात आपल्या समुद्रदेवीच्या, मात्सूआईच्या देवळाचं आढं हललं. वर चढून पाहिलं तर वाळवी लागलेली, आणि तीही बहुतेक तुमच्या, म्हणजे डावीकडच्या ड्रॅगनच्या बाजूला. बाबांची उजवीकडची वाघाची बाजू त्या मानाने धड आहे. सध्या मात्सूआईला बाजूच्या खोलीत नेऊन बसवलंय, लाल कापड पांघरून. माहेरी आलेल्या बाईसारखी निवांत दिसते.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष वू फाछाई म्हणतात, "एका देवळाचे दोन कारागीर, डावं एकाचं, उजवं दुसऱ्याचं, मधे बांबूचा तट्ट्या लावून पैज! आजोबांच्या काळात चाललं. आता शहरातून लोक बसा भरून येतात आणि विचारतात, दोन्हीकडं सारखं का नाही? या दुरुस्तीत ड्रॅगनची बाजू वाघाच्या बाजूसारखी करून टाकू, विषय संपेल." पण ज्या हाताने काम उभं केलं तो हात जिवंत असेपर्यंत त्याला विचारल्याशिवाय पटाशी लावायची नाही, हा इथला रिवाज तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून हे पत्र.

काल सकाळी मी मुद्दाम गेले होते. उंबरठा ओलांडला आणि मधल्या चौकात उभी राहिले. ऊन अजून जमिनीवर उतरलं नव्हतं, नुसतं वर, खांबांवरच्या, छप्पर तोलणाऱ्या लाकडी हातांत अडकून बसलं होतं. एका हातावर दुसरा, त्यावर तिसरा, खिळा कुठेच नाही. उदबत्तीचा धूर त्यांच्यामधून वाट काढत वर जात होता. मी लहानपणापासून तिथे जाते, पण इतकं वर मी कधी पाहिलंच नव्हतं. मान दुखेपर्यंत उभी होते आणि मला वाटत होतं की छप्पर हळूहळू श्वास घेतंय.

तुमची परवानगी आहे का, एवढंच कळवा. बाबा वयाच्या मानाने बरे आहेत.

सूचेन

 

ह्वालिएन, १७ मार्च १९७८

सूचेन,

पत्र पोचलं. अक्षर मुंग्या चालल्यासारखं काढतेस, पुढच्या वेळी मोठं काढ. इथला दिवा मंद आहे.

वू फाछाई म्हणजे कालवं विकणाऱ्या वूचा धाकटा ना? लहानपणी आमच्या लाकडांवर मुतायचा. त्याला म्हणावं, तुझा डावा कान कापून उजव्यासारखा करून घे आणि मग देवळाकडं ये.

माझी परवानगी कशाला पाहिजे? माझी बाजू हरली होती. सगळ्या गावानं सांगितलं. वाघाची बाजू जिंकली, तर दोन्हीकडं वाघच बसवा. तुझ्या बापाला विचारा. त्याला आनंदच होईल.

देवीला विचारलंत का? की तिलाही बस भरून आलेल्या लोकांचीच काळजी आहे?

मी इथे मजेत आहे. समोर डोंगर, मागे समुद्र. मुलगा संगमरवर कापण्याच्या कारखान्यात आहे, सून चांगली आहे, नातवंडं ओरडतात. लाकडाला हात लावून बरीच वर्षं झाली.

एक सांग. चौकातून आत जाताना ड्रॅगनच्या बाजूचा दुसरा खांब, त्याच्यावर माशाची शेपटी आणि ड्रॅगनचं तोंड असलेला हात आहे. थंडी संपताना सकाळी त्याच्या डोळ्यात ऊन शिरायचं. डोळा मी त्यासाठीच खोल ठेवला होता. अजून शिरतं का?

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

चिनशू

 

फंगवेई, २९ मार्च १९७८

मोठ्या काकांना नमस्कार.

अक्षर मोठं काढलंय. पानं जास्त लागतील, तिकीट वाढेल, पण असू दे.

शिरतं. मी तीन दिवस सकाळी जाऊन बसले. पहिल्या दिवशी ढग होते. दुसऱ्या दिवशी उदबत्त्या विकणाऱ्या छाए मावशीनं बोलण्यात गुंतवलं. तिसऱ्या दिवशी मी खांबाला टेकून बसले, थोडा डोळा लागला, आणि जागी झाले तर तो ड्रॅगन माझ्याकडे बघत होता. डोळ्यात बारीक पिवळा उजेड. जरा वेळाने तो विझला आणि लाकूड पुन्हा लाकूड झालं. मी घरी येऊन शेवयांचं पीठ मळायला घेतलं तरी माझ्या डोक्यातून तो उजेड जाईना. देवीची मूर्ती बाजूच्या खोलीत होती, गाभारा रिकामा होता, आणि तरी मला त्या दिवशी देऊळ भरलेलं वाटलं. हे मी कुणाला सांगितलं असतं तर हसले असते, म्हणून तुम्हाला सांगते.

देवीला विचारलं. वू फाछाईनं स्वतः अंघोळ करून, नवा सदरा घालून कौल लावला. चंद्रकोरीसारखी दोन लाकडं हातात धरून म्हणाला, "आई, दोन्ही बाजू सारख्या करायच्या आहेत, चालेल ना?" आणि टाकली. दोन्ही सपाट बाजू वर करून पडली आणि डुलत राहिली. देवी हसली. म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही. त्यानं पुन्हा टाकली, पुन्हा हसली. छाए मावशी म्हणाली, "अरे, प्रश्नच वेडा असेल तर ती तरी काय करणार?" फाछाई रागावून सदरा काढून पंख्याखाली बसला. मग म्हणाला, "म्हाताऱ्या कारागिराचं उत्तर येऊ दे. तोवर परांची बांधून ठेवतो. पण मे महिन्यात काम सुरू होणार, म्हणजे होणार. कुजलेलं सगळं खाली उतरवायचं आणि जाळायचं."

काका, मी एक विचारू? आमच्या घरात तुमचं नाव निघालं की बाबा उठून बाहेर जायचे. आईही सांगेना. छाए मावशी म्हणते, "तुझा बाप रोज सकाळी देवळात यायचा आणि मागच्या दालनात ड्रॅगनच्या कोपऱ्याखाली उभा राहून वर टक लावायचा. इतकी वर्षं झाली तरी भावाच्या कामात खोट शोधायचा." मला ते पटत नाही. खोट शोधणारा माणूस इतका वेळ उभा राहत नाही.

काय झालं होतं?

सूचेन

 

ह्वालिएन, १४ एप्रिल १९७८

सूचेन पोरी,

तुझं पत्र उशाशी ठेवलंय. बरेच दिवस उत्तर लिहिणार नव्हतो. मग काल इथे पाऊस नव्हता, वारा नव्हता, शेजारी कुणीतरी दार बसवत होता आणि वाकस चालल्याचा आवाज येत होता. टक, टक, मग थांबायचा, मग टक. मला तो आवाज कुठला हेच कळेना. मला वाटलं मी देवळात आहे.

तट्ट्या आढ्यापासून जमिनीपर्यंत लावला होता. इकडे मी आणि माझी माणसं, तिकडे आमिंग आणि त्याची. एकमेकांच्या बाजूला पाहायचं नाही, हा नियम. खांबाची उंची आणि आढ्याची जागा ठरलेली, बाकी ज्याचं त्यानं. दोन हिवाळे आम्ही असं काम केलं. मी त्याला पाहत नव्हतो, पण त्याचं सगळं ऐकत होतो. त्याची पटाशी कुठे अडते ते मला कळायचं, कारण ती धरायला मीच शिकवली होती. तो थांबला की मीही थांबायचो. मी रंधा मारायला लागलो की तिकडूनही रंधा सुरू व्हायचा. उन्हं कलली की तट्ट्यावर त्याची सावली पडायची, आणि माझी त्याच्याकडे पडत असणार. माझ्या आयुष्यात मी इतका सुखी पुन्हा झालो नाही. पैज होती म्हणतात. मला तर आम्ही दोघं मिळून एकच काम करतोय असं वाटायचं.

मागच्या दालनात, जिथे छप्पर भिंतीला टेकतं, तिथे सगळीकडे भार वाहणारा बुटका कोरतात ना, गाल फुगवून छप्पर खांद्यावर घेतलेला. मी तो कोरला नाही. त्याच्या जागी झोपलेला मुलगा कोरला. ठोकळ्यावर डोकं ठेवून, तोंड उघडं. तो कोण ते मी कुणाला सांगितलं नाही. आमचा बाप ज्या गावी काम असेल तिथे आम्हाला घेऊन जायचा. आमिंग लहान होता. दुपारी ढलप्यांच्या ढिगावर जिथे बसेल तिथे झोपायचा. खाडीच्या गावांत डास भर दुपारी चावतात. मी बाजूला बसून विंझण्यानं वारा घालायचो, म्हणजे तो रडणार नाही आणि बाप त्याला मारणार नाही. ते छप्पर मी त्या झोपेवर ठेवलं. मला वाटलं होतं तट्ट्या निघेल, आमिंग वर पाहील, ओळखेल आणि हसेल.

तट्ट्या निघाला त्या दिवशी गाव हसलं. "ड्रॅगनकडचा हमाल झोपला, आता छप्पर बसणार!" मी तेही सोसलं असतं. पण मागून कुणीतरी म्हणालं, "वाघाकडेही हमाल नाही. तिथेही एक पोरगाच बसवलाय." माझ्या डोक्यात रक्त चढलं. सगळ्या मुलखात असं कुणी करत नाही. मी केलं, आणि त्यानंही त्याच कोपऱ्यात केलं? नियम मोडून त्यानं तट्ट्यातून पाहिलं आणि माझं घेतलं, हे उघड होतं. मी भर चौकात त्याला चोर म्हणालो. तो काही बोलला नाही. खरा असता तर बोलला असता. मी वाघाच्या बाजूकडे मान वळवली नाही आणि त्याच संध्याकाळी गाव सोडलं.

तर हे असं. आता एक विचारतो, बापाला सांगू नकोस. परांची बांधलीय म्हणतेस. वाघाच्या त्या कोपऱ्यात काय आहे? मी कधीच पाहिलं नाही.

चिनशू

 

फंगवेई, २६ एप्रिल १९७८

काका,

मी चढले. फाछाई खालून ओरडत होता, "वहिनी, पडाल, आणि देवळाला पोलीस लागतील." मी त्याला म्हटलं, तू लहानपणी लाकडांवर काय करायचास ते काकांनी लिहून कळवलंय. मग स्वतःच शिडी धरून उभा राहिला.

वर वेगळंच जग आहे. खालचे आवाज पोचतात, पण पाण्याखालून आल्यासारखे. उदबत्तीची काजळी बोटाला जाड लागते. किती लोकांनी काय काय मागितलं असेल, त्या सगळ्याचा धूर वर येऊन बसलाय. मी ओलं फडकं घेऊन गेले होते. आधी तुमचा कोपरा पुसला. काजळीखालून आधी कान निघाला, मग गाल, मग उघडं तोंड. काका, ते माझ्या बाबांचं तोंड आहे. ते आजही असेच झोपतात. वाळवी त्याच्या मागच्या तुळईला लागलीय, त्याला नाही.

मग परांचीवरून सरकत वाघाच्या कोपऱ्यात गेले. तिथलाही मुलगा पुसला. हा मोठा आहे, बारा-तेरा वर्षांचा. गुडघे पोटाशी घेऊन बसलाय. खालून बघणारे म्हणतात स्वतःला वारा घेतोय. तसं नाहीये. हातात विंझणा आहे, पण हात पुढे लांब केलेला आहे, आणि तोंड स्वतःकडे नाही, समोर आहे. त्याच्या डोळ्यांच्या रेषेत मी मान वळवली. मधे सगळं दालन होतं, देवीचा रिकामा गाभारा होता, आणि पलीकडे, बरोबर समोर, तुमचा झोपलेला मुलगा होता.

तो त्याला वारा घालतोय, काका. देवळाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. गेली चाळीस वर्षं.

खालून हे दिसत नाही. खाली माणूस एका वेळी एकाच कोपऱ्यात मान वर करतो. आणि बाबांनी तट्ट्यातून पाहिलं असतं, तर त्यांनी झोपलेला मुलगाच कोरला असता ना? तुम्ही त्यांना कोरलंत. त्यांनी तुम्हाला. मी तिथेच फळीवर बसून रडले. फाछाईला वाटलं मला उतरता येत नाहीये, तो निम्मी शिडी चढून आला. मग त्यानंही पाहिलं. उतरताना म्हणाला, "माझ्या मनासारखं झालं असतं तर दोन्हीकडं पंखेवाले बसले असते आणि झोपायला कुणीच नसतं."

आता मला एक सांगायलाच हवं. बाबा बरे आहेत असं मी लिहिलं, ते खरं नव्हतं. दिवाळखोर माणसासारखी लपवाछपवी केली मी. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पटाशीचा हात गेला. बोलणंही गेल्यात जमा आहे. दिवसाचा बराचसा वेळ झोपूनच असतात, आणि डॉक्टर म्हणतात की आता फार आशा धरू नका. कुणाला कळवायचं नाही असं त्यांनी धडधाकट असतानाच बजावून ठेवलं होतं, "आणि ह्वालिएनला तर नाहीच." म्हणून तुम्हाला बोलवायची माझी हिंमत नव्हती. देवळाचं निमित्त मिळालं, ते धरलं.

मी त्यांना कोपऱ्याचं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. त्यांना माहीतच होतं, काका. तट्ट्या निघाला त्याच दिवशी त्यांनी वर पाहिलं होतं. तुम्ही तेवढं थांबला नाहीत.

या.

सूचेन

 

ह्वालिएन, ४ मे १९७८

सूचेन,

हे पत्र माझी सून लीह्वा लिहिते आहे, मी सांगतो आहे. तुझी आधीचीही तिनंच वाचून दाखवली आणि माझी तिनंच लिहिली. दिवा मंद नाही. डोळे मंद आहेत. समोर माणूस आहे एवढं कळतं, कोण ते कळत नाही. ड्रॅगनच्या डोळ्यात ऊन शिरतं का, हे म्हणून विचारलं होतं. तू लपवलंस, मीही लपवलं, फिट्टंफाट.

येत्या रविवारी बसनं निघतो. लीह्वा सोबत आहे. फाछाईला सांग, परांची उतरवू नको. मला दिसणार नाही, पण हात लावीन. त्याच्या कामावर मी कधी हात फिरवला नाही.

आमिंगला आधी सांगू नकोस. उगाच जागा राहील.

चिनशू

 

फंगवेई, २ जून १९७८

मोठ्या काकांना, आणि लीह्वाला,

सुखरूप पोचल्याची तार मिळाली. सोमवारी तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरल्याचं तिच्यात आहे, म्हणून देवळात दिवा लावला, ड्रॅगनच्या बाजूला.

आधी कामाचं. तुम्ही गेल्यावर फाछाईनं पुन्हा कौल लावला. या वेळी सदरा साधा होता. म्हणाला, "आई, जसं होतं तसंच करतो, डावं डाव्यासारखं आणि उजवं उजव्यासारखं." एक लाकूड पालथं, एक उताणं. होकार. छाए मावशी म्हणाली, "बघ, मुलासारखं विचारलं की आईसारखं उत्तर मिळतं." कुजलेली तुळई तेवढी बदलणार. झोपलेल्या मुलाला काढताना तेलाच्या कापडात गुंडाळून माझ्या घरी ठेवायचं ठरलंय. तुळई बसेपर्यंत तो शेवयांच्या खोलीत झोपेल.

तुम्हाला शिडीवर चढवताना सगळ्या मंडळाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तुम्ही मात्र पायऱ्या न चाचपडता गेलात. तुम्ही त्या पंखेवाल्या मुलाच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवलीत, मग कोपरावरून, मग विंझण्याच्या एकेका शिरेवरून, आणि म्हणालात, "इथे पटाशी अडली होती. ऐकलं होतं मी." त्या वेळी खाली कुणी उदबत्तीसुद्धा पेटवत नव्हतं.

लीह्वा, पुढचं जरा सावकाश वाच, ते काकांना माहीत नाही.

तुम्ही निघालात त्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. तुम्ही जेवून बाबांच्या खाटेशी बसला होतात. ते झोपले होते, तोंड उघडं टाकून. तुम्ही विंझणा घेऊन वारा घालत होतात. बाहेर शेवया हलत होत्या आणि त्यांच्या सावल्या तुम्हा दोघांवरून सरकत होत्या. मी दारातून बघत होते. हळूहळू तुमचा हात मंदावला, मान खाली गेली, आणि तुम्हाला झोप लागली. विंझणा मांडीवर पडला.

तेव्हा बाबांनी डोळे उघडले. बहुतेक आधीपासूनच जागे होते. ते तुमच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डावा हात लांब केला, पहिल्यांदा पोचला नाही, दुसऱ्यांदा पोचला. विंझणा उचलला आणि तुम्हाला वारा घालू लागले. वेडावाकडा, कधी तुमच्या अंगावर, कधी भिंतीवर. मी पुढे झाले तर त्यांनी मला डोळ्यांनीच थांबवलं.

गेल्या पावसाळ्यापासून त्यांच्या तोंडून एक अख्खं वाक्य मी ऐकलं नव्हतं. त्या दुपारी ऐकलं. जीभ अडत होती, पण शब्द कळले.

"दादा, तू झोप आता," ते म्हणाले. "मी जागा आहे."

सूचेन